कण, पृष्ठभाग आणि जाळे : इपॉक्सी रेझिनातील भरणद्रव्यांची प्रस्तावना

इपॉक्सी रेझीन आज इतक्या ठिकाणी वापरले जाते की, ते निर्भेळ स्वरूपात क्वचितच वापरले जाते ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. कोरड्या प्रकारच्या रोहित्रातील वेटोळी ज्यात ओतून बंदिस्त केली जातात ते रेझीन, संगणकाच्या चिपभोवतीचे काळे आवरण, कारखान्याच्या जमिनीवरचा गुळगुळीत थर, गळका नळ बुजवण्यासाठी घरोघरी वापरले जाणारे एम-सील, या सर्वांत रेझिनाच्या जोडीला एखाद्या खनिजाची, धातूची किंवा कार्बनची भुकटी असते, आणि पुष्कळदा वजनाने ती रेझिनापेक्षा जास्तच असते. उद्योगात फिलर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भुकटीला येथे भरणद्रव्य म्हटले आहे. महाग रेझिनाची बचत करण्यासाठी घातलेली स्वस्त भर, अशी तिच्याविषयीची समजूत अजूनही रूढ आहे आणि किमतीच्या हिशेबापुरती ती खरीही आहे. परंतु भरणद्रव्य मिसळल्यावर हाती येतो तो पदार्थ वेगळाच असतो, आणि त्याचे गुणधर्म कणांनी किती जागा व्यापली व रेझिनाला किती पृष्ठभाग भेटला या दोन राशींवर ठरतात, हे सूत्र एकदा पकडले की या विषयातील परस्परविरोधी वाटणारी बरीच निरीक्षणे एका रांगेत येऊन उभी राहतात.

इपॉक्सीचा उगम दंतवैद्यकाच्या गरजेतून झाला. स्वित्झर्लंडमध्ये दंतसाहित्य बनवणाऱ्या द ट्रे या कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां यांनी १९३८ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे सिबा कंपनीने हे हक्क घेतले आणि १९४६ साली ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाचा चिकटपदार्थ लोकांसमोर आला. त्याच दशकात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी रंग आणि लेपांच्या दिशेने असेच काम केले. आजही सर्वाधिक वापरात असलेले इपॉक्सी बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनते. त्याच्या रेणूच्या दोन्ही टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन अशा तीन अणूंचे ताणलेले वलय असते; अमाइन किंवा अनहायड्राइड वर्गातील हार्डनर हे वलय उघडतो आणि रेणूंना एकमेकांशी कायमचे जोडत नेतो, आणि ही जोडणी सर्व दिशांना पसरून तिचे एकच अखंड जाळे होते, म्हणून एकदा घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. एका विशिष्ट तापमानाच्या खाली हे जाळे काचेसारखे कडक राहते आणि त्यावर गेले की रबरासारखे मऊ होते. त्या तापमानाला काचसंक्रमण तापमान म्हणतात.

हे जाळे चिकटते उत्तम, वीज अडवते उत्तम, बहुतेक रसायनांना दाद देत नाही. पण त्याच्या मर्यादाही त्याच्या रचनेतूनच येतात. दुवे जितके दाट, तितके ते ठिसूळ. त्याचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताणाला तो पदार्थ किती ताठपणे विरोध करतो याचे माप, सुमारे ३ गिगापास्कल असतो, तर सिलिकाचा ७० गिगापास्कलच्या आसपास. तापमान एक अंशाने वाढले की इपॉक्सीची लांबी दर दहा लाख भागांत सुमारे ६० भागांनी वाढते, तांब्याची १७, ॲल्युमिनियमची २३ आणि सिलिकॉनची जेमतेम २.६ भागांनी, साहजिकच धातूभोवती किंवा चिपभोवती ओतलेले निर्भेळ इपॉक्सी थंड होताना त्यांच्यापेक्षा जास्त आकसते आणि आतला ताण सहन न होऊन तडकते. उष्णतेची त्याची संवाहकता प्रति मीटर प्रति केल्विन सुमारे ०.२ वॉट एवढीच असल्याने ते थंड व्हायलाही वेळ लावते. त्यातच घट्ट होण्याची क्रिया स्वतःच उष्णता सोडते, आणि मोठ्या ओतकामात ही उष्णता बाहेर पडायला वाट न मिळाल्याने गाभा भाजून निघू शकतो. भरणद्रव्याची गरज प्रथम भासली ती येथे.

कोणतेही भरणद्रव्य मोजण्यापूर्वी एक हिशेब मांडावा लागतो, आणि तो न मांडल्यामुळे या विषयात जितका गोंधळ माजतो तितका दुसऱ्या कशानेही माजत नाही. कारखान्यात भुकटी तराजूवर तोलली जाते, म्हणून प्रमाण वजनाच्या टक्क्यांत सांगितले जाते. ताठपणा, प्रसरण, श्यानता आणि संवाहकता मात्र कणांनी व्यापलेल्या आकारमानावर अवलंबून असतात. घट्ट झालेल्या इपॉक्सीची घनता प्रति घन सेंटिमीटर १.२ ग्रॅम आणि क्वार्ट्झची २.६५ ग्रॅम धरली, तर वजनाने ६० टक्के क्वार्ट्झ म्हणजे आकारमानाने सुमारे ४० टक्के होते. त्याच ६० टक्के वजनाचे ॲल्युमिना, त्याची घनता ४ ग्रॅमच्या जवळ असल्यामुळे, अवघी ३१ टक्के जागा व्यापते. आणि आतून पोकळ असलेले, ०.२ ग्रॅम घनतेचे काचेचे सूक्ष्म गोलक वजनाने केवळ १० टक्के घातले तरी ते त्या क्वार्ट्झइतकीच, म्हणजे ४० टक्के जागा अडवून बसतात. समान वजनाच्या नमुन्यांची तुलना करून एक भरणद्रव्य दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ ठरवणारे निष्कर्ष म्हणूनच मुळापासून तपासून घ्यावे लागतात.

जागेचा हा हिशेब सर्वांत आधी श्यानतेत, म्हणजे द्रवाच्या वाहण्याला होणाऱ्या अंतर्गत विरोधात उमटतो. द्रवात विखुरलेले गोल कण द्रवाच्या प्रवाहात अडथळा आणतात, हे पहिल्यांदा गणितात बसवले ते आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी. त्यांच्या १९०६ सालच्या निबंधात एक गणिती चूक राहून गेली होती. झां पेरँ यांच्या प्रयोगशाळेत बांसलँ यांनी केलेल्या मोजण्या सूत्राशी जुळेनात, तेव्हा लुडविग हॉप्फ यांनी पुन्हा आकडेमोड करून ती चूक शोधली, आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीनुसार कणांच्या आकारमान-प्रमाणाला अडीचने गुणून श्यानतेतील वाढ मिळते हे निश्चित झाले. प्रयोग आणि सिद्धांत यांनी एकमेकांना कसे सरळ करावे याचा हा नमुना आहे, आणि बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरांच्या अभ्यासकाने तो आवर्जून जाणून घ्यावा. त्या सूत्रानुसार ५ टक्के कणांनी श्यानता साडेबारा टक्क्यांनी वाढते. परंतु हा नियम कण एकमेकांपासून दूर असेपर्यंतच चालतो. प्रमाण वाढत गेले की प्रत्येक कणाभोवतीचा प्रवाह शेजारच्या कणाला भिडतो, आणि अखेर एक मर्यादा अशी येते की कण एकमेकांना टेकून बसतात व मिश्रण वाहणेच थांबते. एकाच मापाचे गोल कण कसेही ओतले तर ते सुमारे ६४ टक्के जागा भरतात. ही मर्यादा धरून १९५९ साली क्रीगर आणि डॉगर्टी यांनी दिलेल्या सूत्रात आकडे घातले, तर श्यानता ४० टक्क्यांना सुमारे पाचपट, ५५ टक्क्यांना तेवीसपट आणि ६० टक्क्यांना चौऱ्याऐंशीपट होते. शेवटच्या पाच टक्क्यांची किंमत त्याआधीच्या सगळ्या टक्क्यांहून जबर असते, आणि ओतकाम करणाऱ्या कामगाराला ती साच्याच्या कोपऱ्यात अडकून राहिलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून मोजावी लागते.

या मर्यादेतून वाट काढण्याचा मार्ग कणांच्या मापात आहे. हरभऱ्यांनी भरलेल्या डब्यात आणखी हरभरे मावत नसले तरी मोहरी मावते, त्याप्रमाणे मोठ्या कणांमधील मोकळ्या जागेत लहान कण आणि त्यांच्या फटींत त्याहून लहान कण बसवले, तर तेवढ्याच आकारमानाला श्यानता कमी राहते, किंवा तेवढ्याच श्यानतेला जास्त भरणद्रव्य घालता येते. चिपवर चढवल्या जाणाऱ्या इपॉक्सीच्या मिश्रणात वितळवून बनवलेला सिलिका वजनाने ८० ते ९० टक्क्यांपर्यंत असतो. त्याची घनता २.२ ग्रॅम धरून ८५ टक्के वजनाचे आकारमान काढले तर ते सुमारे ७६ टक्के येते, म्हणजे एकाच मापाच्या गोलकांच्या ६४ टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे. वेगवेगळ्या मापांचे, ज्वालेतून नेऊन गोल केलेले कण नेमक्या प्रमाणात मिसळल्याशिवाय हे साधत नाही. अणकुचीदार दळलेल्या कणांनी तर मुळीच नाही, कारण ते एकमेकांत अडकतात आणि चिपवरच्या बारीक सोन्याच्या तारा वाकवतात. एवढा आटापिटा प्रसरण आटोक्यात ठेवण्यासाठी केला जातो: वितळवलेल्या सिलिकाचे प्रसरण दर अंशाला दहा लाखांत अर्ध्या भागाएवढे अल्प असते, आणि त्याच्या भरीनेच इपॉक्सीचे प्रसरण सिलिकॉन व तांब्याच्या जवळपास खाली ओढता येते.

उच्च दाबाच्या विद्युत उपकरणांतील ओतीव इपॉक्सीतही हेच तत्त्व चालते. तेथे आकारमानाने सुमारे ४० टक्के क्वार्ट्झ घातले की प्रसरण साधारण निम्म्यावर येऊन ॲल्युमिनियमच्या बऱ्यापैकी जवळ पोहोचते आणि ताठपणा अडीच-तीनपट होतो. रेझिनाचे प्रमाण घटल्याने सुटणारी उष्णता घटते, घट्ट होतानाचे आकसणेही त्याच प्रमाणात कमी होते. हे सर्व लाभ निव्वळ जागा व्यापल्यामुळे मिळतात आणि कणांचे माप त्यांत फारसे आड येत नाही.

माप आड येते ते गुरुत्वाकर्षणापाशी. स्टोक्सच्या नियमानुसार कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. १० मायक्रॉन व्यासाचा एकटा क्वार्ट्झ-कण १० पास्कल-सेकंद श्यानतेच्या रेझिनात दिवसाला पाऊण मिलिमीटरहूनही कमी खाली जातो. व्यास १०० मायक्रॉन असेल तर तोच वेग शंभरपट होतो. मिश्रण गरम केले की ते सहज वाहते म्हणून ओतण्यापूर्वी तापवण्याची पद्धत आहे, परंतु तापवल्याने श्यानता शंभरपट उतरली तर बारीक कणही तासाला जवळजवळ तीन मिलिमीटर खाली सरकू लागतो. परिणामी एकाच वस्तूचा तळ भरणद्रव्याने समृद्ध व कडक आणि माथा रेझिनाने समृद्ध व ठिसूळ होतो, आणि दोहोंच्या प्रसरणात फरक पडून वस्तू वाकते. दाट भरलेल्या मिश्रणात कण एकमेकांना अडवतात, त्यामुळे हा धोका कमी होतो. ज्वालेत तयार केलेला अतिसूक्ष्म सिलिका थोडासा घातला तर त्याचे कण हायड्रोजन-बंधांनी सैल जाळे विणून स्थिर असताना मिश्रणाला थिजवतात आणि ढवळताच मोकळे सोडतात. उभ्या भिंतीवर लावलेला इपॉक्सीचा लेप ओघळत नाही तो याच गुणामुळे.

ताणाखालील ताकद आणि तडा पसरण्याला होणारा विरोध यांच्याबाबतीत भरणद्रव्यांचे वर्तन इतके सरळ नाही, आणि विषयाचा हाच भाग सर्वांत विचारप्रवर्तक आहे. कडक कण घातल्याने ताठपणा हमखास वाढतो, परंतु ताणून तोडण्याचे बल बहुधा घटते, कारण मोठ्या कणाच्या ध्रुवांपाशी ताण एकवटतो, तेथे रेझीन कणापासून सुटते, आणि सुटलेली ती जागा म्हणजे कणाच्याच व्यासाएवढा तयार तडा असतो. ग्रिफिथ यांनी १९२० च्या सुमारास काचेविषयी दाखवून दिले की तडा जितका मोठा तितके कमी बल त्याला पुढे रेटायला पुरते. त्यामुळे भुकटीतील सरासरी कणापेक्षा सर्वांत मोठे कण आणि फोडायचे राहिलेले गुठळे वस्तूची ताकद ठरवतात, आणि सरासरी व्यास सांगून थांबणारे तपशीलपत्रक नेमकी ही माहिती दडवते.

तडा पसरण्यासाठी लागणारी ऊर्जा मात्र कणांमुळे बहुतांशी वाढते. एफ. एफ. लँग यांनी १९७० साली असे स्पष्टीकरण मांडले की पुढे सरकणाऱ्या तड्याची धार कणांपाशी अडते, दोन कणांच्या मधे धनुष्यासारखी वाकते, आणि तिची लांबी वाढवायला जास्त ऊर्जा लागते. मायक्रॉनच्या मापाच्या कणांमागे तुटलेल्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या शेपटीसारख्या खुणांनी या विचाराला आधार दिला. परंतु कण नॅनोमीटरच्या मापाचे होताच हे चित्र अपुरे पडते. यॉन्सेन, किनलॉक, मोहम्मद, टेलर आणि श्प्रेंगर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनहायड्राइडने घट्ट केलेल्या इपॉक्सीत सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे कण आकारमानाने १३ टक्के घातल्यावर भंग-ऊर्जा प्रति चौरस मीटर १०० जूलवरून ४६० जूलवर गेली, काचसंक्रमण तापमान मात्र जागचे हलले नाही. तड्याच्या धारेला अडवण्याच्या मानाने हे कण फारच लहान, म्हणून त्यांनी ते स्पष्टीकरण नाकारले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते असे की तड्याच्या टोकापाशी कण रेझिनापासून सुटतात, त्यांच्याभोवती पोकळ्या उघडतात आणि त्या पोकळ्या वाढताना रेझीन पुन्हा मूळ आकारात न येईल असे ताणले जाऊन ऊर्जा शोषते. कण सुटणे हा मोठ्या कणांच्या बाबतीत वस्तूच्या ताकदीवर घाला ठरतो आणि अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत चिवटपणाचा उगम ठरतो. कणाचे रेझिनाशी जितके घट्ट नाते तितके चांगले, हा सर्वत्र गृहीत धरला जाणारा नियम येथे ढिला पडतो. रबराचे मऊ कण घालून चिवटपणा याहूनही वाढवता येतो, परंतु त्यासाठी ताठपणा गमवावा लागतो, आणि अतिदाट दुव्यांच्या रेझिनात, जेथे जाळ्याला ताणायला मुळातच वाव नसतो, रबराचाही उपयोग मर्यादित राहतो.

येथून पृष्ठभागाचा हिशेब सुरू होतो. १० मायक्रॉन व्यासाच्या एक ग्रॅम क्वार्ट्झ-गोलकांचा एकूण पृष्ठभाग जेमतेम पाव चौरस मीटर भरतो, तर २० नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम सिलिकाचा सुमारे १३६ चौरस मीटर. या पृष्ठभागाला लागून असलेल्या रेझिनाच्या थरातील रेणू मोकळ्या रेझिनातील रेणूंसारखे वागत नाहीत. हा थर ५ नॅनोमीटर जाडीचा धरला आणि कण आकारमानाने ५ टक्के घातले, तर मोठ्या कणांभोवतीचा असा थर नगण्य असतो, परंतु २० नॅनोमीटरच्या कणांभोवतीचा थर एकूण आकारमानाच्या सुमारे १२ टक्के, म्हणजे खुद्द कणांच्या दुपटीहून जास्त होतो. अशा मिश्रणात दोनऐवजी तीन पदार्थ नांदत असतात, आणि तिसऱ्याचे गुणधर्म स्वतंत्रपणे मोजता येत नाहीत.

सिलिकाचा पृष्ठभाग रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय नसतो. पूर्ण जलयुक्त अवस्थेत त्याच्या प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर चार-पाच हायड्रॉक्सिल गट असतात. ते हवेतील ओलावा ओढून धरतात, हार्डनरचे रेणू अडकवतात, आणि त्यामुळे रेझीन व हार्डनर यांचे काटेकोर ठरवलेले प्रमाण पृष्ठभागाजवळ बिघडते. भुकटी वापरण्यापूर्वी भट्टीत वाळवली जाते ती याचसाठी. ओलावा राहिला तर घट्ट झालेल्या वस्तूतही कणाच्या कडेने पाण्याला वाट सापडते; रेझीन कमी झाल्यामुळे जे पाणी शोषले जायला नको होते, ते आंतरपृष्ठातून आत शिरते आणि वर्षभराने विद्युत निरोधन उणे पडते. यावरचा उपाय सिलेन वर्गातील जोडरेणूंचा. या रेणूचे एक टोक सिलिकाच्या हायड्रॉक्सिलशी जुळते आणि दुसऱ्या टोकावरचा इपॉक्सी किंवा अमाइन गट रेझिनाच्या जाळ्यात सामील होतो. सिलेनने ताकदीत पडणारा फरक कोरड्या नमुन्यात माफक दिसतो, उकळत्या पाण्यात ठेवून काढलेल्या नमुन्यात तो ठळक होतो.

उष्णता आणि वीज वाहून नेण्याच्या बाबतीत भरणद्रव्यांकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा बहुधा अवाजवी असतात. मॅक्सवेल यांनी १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात विखुरलेल्या गोलकांच्या संवाहकतेसाठी दिलेले सूत्र असे सांगते की, गोलक कितीही उत्तम संवाहक असले तरी आकारमानाने ४० टक्के भरल्यावर मिश्रणाची संवाहकता रेझिनाच्या तिपटीपुरतीच वाढते. कण एकमेकांपासून अलग असतील तर ॲल्युमिना आणि हिरा यांच्यात उरणारा फरक किरकोळ असतो, कारण उष्णतेला प्रत्येक दोन कणांमधला रेझिनाचा पातळ थर ओलांडावाच लागतो. त्यामुळे प्रत्यक्षात जे साधते ते दाट भरून कण एकमेकांना टेकवल्यावर, किंवा बोरॉन नायट्राइडसारख्या पापुद्र्याच्या आकाराच्या कणांची रांग लावल्यावर साधते. विजेची गोष्ट निराळी आहे. तेथे कार्बनच्या किंवा चांदीच्या कणांची पहिली अखंड साखळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोडली जाताच रोध अनेक कोटी पटींनी कोसळतो, आणि त्याआधी जवळजवळ काहीच घडत नाही. लांबट कणांची साखळी लवकर जोडली जाते. सँडलर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली कार्बनच्या नॅनोनलिका वजनाने अवघ्या ०.००२५ टक्के घालून इपॉक्सीला संवाहक केले. नलिका सर्वत्र सारख्या पसरल्या असत्या तर एवढ्या अल्प प्रमाणात हे शक्य झाले नसते. ढवळण्याच्या ओघात त्या पुन्हा जवळ येऊन पुंजक्यांचे जाळे बनले म्हणून ते झाले. उत्तम विखुरण हे प्रत्येक गुणासाठी उत्तम असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

भरणद्रव्याची निवड कधीकधी अशा कारणांवर ठरते जी कोणत्याही गुणधर्म-कोष्टकात सापडत नाहीत. सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूने भरलेल्या बंदिस्त स्विचगिअरमधील इपॉक्सीच्या आधारकांत सिलिकाऐवजी ॲल्युमिना वापरतात, कारण विद्युत ठिणगीने त्या वायूचे विघटन होऊन ओलाव्याच्या संगतीत हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते आणि ते सिलिकाला खाऊन टाकते. उघड्यावरच्या विद्युतरोधकांत ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट घालतात. पृष्ठभागावर ठिणग्या खेळू लागल्या की ते सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे आपले पाणी सोडते, पृष्ठभाग थंड ठेवते आणि कोळशाची वाहक रेघ बनू देत नाही. तिसरे कारण तर अणुकेंद्रातून आले. १९७८ साली इंटेलमधील मे आणि वूड्स यांनी दाखवले की स्मृतिचिपमध्ये अकारण होणाऱ्या चुकांमागे आवरणाच्या द्रव्यातील युरेनियम व थोरियम यांच्या अंशमात्र अशुद्धीतून बाहेर पडणारे अल्फा-कण आहेत. तो दोष सिरॅमिक आवरणांत सापडला होता; तरीही चिपला लागून असणाऱ्या इपॉक्सीतील सिलिकालाही तोच निकष लावावा लागला, आणि खाणीतील सामान्य क्वार्ट्झऐवजी अत्यल्प युरेनियमचा सिलिका वेगळा तयार होऊ लागला.

भरणद्रव्याची किंमत सांगताना ते दळणाऱ्यांचा विचार वगळणे योग्य होणार नाही. स्फटिकरूप सिलिकाची श्वासावाटे जाणारी धूळ फुप्फुसात कायमची रुतून सिलिकोसिस हा न बरा होणारा रोग जडवते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ साली तिला मानवात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकले. गुजरातमधील गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ दळणाऱ्या कारखान्यांत राबून परतलेल्या मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजुरांचे सिलिकोसिसने झालेले मृत्यू राष्ट्रीय मानवाधिकार आयोगापुढे आणि सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले आहेत. प्रयोगशाळेत पोत्यातून उपसली जाणारी पांढरी भुकटी अशाच एखाद्या गिरणीतून आलेली असते. रेझिनात बद्ध झाल्यावर तिचा धोका संपतो, परंतु घट्ट वस्तू कापताना, घासताना वा भोके पाडताना तो पुन्हा हवेत येतो, म्हणून ओले दळण, बंदिस्त मिश्रक आणि जागीच धूळ ओढून घेणारी योजना हा या तंत्राचाच भाग समजला पाहिजे. वितळवून केलेला सिलिका अस्फटिक असल्याने त्या मानाने सौम्य ठरतो. महाग असूनही त्याचा आग्रह धरण्याचे हे एक रास्त कारण आहे.

या पुस्तकातील आकडे वाचताना आणि इतरत्र छापलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहताना काही बाबींची विचारणा करावी लागेल: प्रमाण वजनाने आहे की आकारमानाने, कणांच्या मापाचा पूर्ण विस्तार दिला आहे की नुसती सरासरी, पृष्ठभागावर प्रक्रिया केली आहे का आणि भुकटी कशी वाळवली, मिश्रणातील हवा निर्वातात काढली होती का, आणि नमुना वस्तूच्या कोणत्या भागातून कापला. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळवणे सोपे आहे. ओतीव वस्तूच्या माथ्याचा आणि तळाचा एकेक तुकडा तोलून भट्टीत रेझीन जाळून टाकायचे आणि उरलेली राख पुन्हा तोलायची. दोन्ही तुकड्यांत राखेचे प्रमाण वेगळे निघाले तर कण खाली बसले आहेत. सिलिका आणि ॲल्युमिना भट्टीतून जसेच्या तसे परत येतात. ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट मात्र पाण्याच्या रूपाने आपले ३४.६ टक्के वजन गमावते आणि कॅल्शियम कार्बोनेट अधिक तापवल्यास कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने ४४ टक्के, म्हणून त्यांच्या बाबतीत राखेच्या वजनावरून मूळ भरणद्रव्याचे वजन उलट गणिताने काढावे लागते.